मूकपट पळवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अलीकडे आपल्या जिल्हा पानांवर मूकपटांच्या खेळांच्या बातम्या वाढल्या आहेत. कधी भुसावळचे एखादे कॉलेज, कधी चोपड्याकडचे वाचनालय, कधी धुळ्यातल्या गणेश मंडळाचा सांस्कृतिक कार्यक्रम. प्रोजेक्टर स्वस्त झाला, चित्रपट इंटरनेटवर फुकट मिळतात, भाषेची अडचण नाही. मग हे होणारच, आणि व्हायलाच हवे. पण ‘प्रेक्षकांची हसून पुरेवाट’ असा मथळा वाचला की शंका येते, लोक चॅप्लिनला हसले की प्रोजेक्टरला? बहुतेक ठिकाणी चित्रपट चुकीच्या गतीने पळवला जातो, चित्र आडवे ताणलेले असते, मागे भलतेच संगीत वाजते आणि खेळाआधी निवेदक हॉलिवूडच्या नटनट्यांचे जे किस्से सांगतो त्यातले निम्मे ऐकीव असतात. हे दोष पैसे न खर्चता दूर होतात. आयोजकांसाठी जरा सविस्तर लिहितो आहोत, जागा जास्त लागेल.

गतीपासून सुरुवात करू, कारण ती चुकली तर बाकीचे सगळे वाया. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी (फिल्मवरची एकेक चित्रे) सरकत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. हे झाले कागदावरचे माप. प्रत्यक्षात १९१५ च्या सुमारास १६ ते १८, पुढे २० ते २२ आणि मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत २४ किंवा त्याहूनही जास्त अशी गती चढत गेली. थिएटरातला ऑपरेटर आणखी थोडी वाढवी, आणि दिवसात एक खेळ जास्त बसवायचा असला की मालक त्याला अजून पळवायला लावी. ६ ऑक्टोबर १९२७ ला न्यूयॉर्कमध्ये ‘द जॅझ सिंगर’ लागला आणि हा सैलपणा संपत गेला, कारण गती बदलली की गाणाऱ्याचा सूर बदलतो. त्या वेळच्या व्हायटाफोन पद्धतीत आवाज वेगळ्या तबकडीवर असे. तबकडी १६ इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला सुमारे ११ मिनिटांचा आवाज. हजार फुटांचे रीळ मिनिटाला ९० फुटांनी सोडले तर तेही ११ मिनिटेच चालते. ९० फूट म्हणजेच सेकंदाला २४ चौकटी. जगभरची यंत्रे या आकड्यावर बसली आणि जुने मूकपटही त्याच यंत्रांतून धावू लागले. पूर्वी माणसे तुरुतुरु चालत, हा समज तिथून आला.

हिशोब सोपा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. हजार फुटी रीळ १६ च्या गतीने १६ मिनिटे ४० सेकंद चालते, १८ ने जेमतेम १५ मिनिटे, २० ने १३ मिनिटे २० सेकंद, २४ ने ११ मिनिटे. आठ रिळांचा, म्हणजे साधारण ८००० फुटांचा चित्रपट २० च्या गतीला १०७ मिनिटांचा होतो आणि २४ ला ८९ मिनिटांचा. जुन्या जाहिरातींत आणि याद्यांत चित्रपटाची लांबी फुटांत किंवा रिळांत दिलेली असते. तुमच्या हातातली प्रत किती मिनिटांची आहे ते पाहून भागाकार केला की ती कोणत्या गतीने उतरवली आहे ते घरबसल्या कळते. मात्र रिळे नेहमी पूर्ण भरलेली नसत, म्हणून फुटांचा आकडा मिळाला तर तोच धरावा.

आता संगणकावर काय करायचे. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर बहुतेकांकडे असतो. त्यात चित्रपट लावून थांबवा आणि ‘ई’ ही कळ एकेकदा दाबत जा. दर दाबण्याला एक चौकट पुढे सरकते. कोणी चालत असेल असा तुकडा निवडा. प्रत्येक चौकट वेगळी दिसली, तर ती प्रत मूळ चौकटी २४ किंवा २५ च्या गतीने पळवणारी आहे. तिची गती कमी करायची: १८ हवे असतील तर ०.७५, २० साठी ०.८३; प्रत २५ ची असेल तर १८ साठी ०.७२. डाव्या चौकोनी कंसाची ( [ ) कळ गती थोडी थोडी कमी करते, उजव्या कंसाची ( ] ) वाढवते. पण ठरावीक अंतराने एकच चौकट दोनदा येत असेल, तर ती प्रत आधीच दुरुस्त केलेली आहे. दर तीन चौकटींत एक दोनदा म्हणजे १८, दर पाचांत एक दोनदा म्हणजे २०, एक सोडून एक दोनदा म्हणजे १६. अशा प्रतीला हात लावू नका. दुरुस्त प्रत पुन्हा मंद केली की पडद्यावर सगळे पाण्यात चालल्यासारखे दिसतात आणि लोक ‘मूकपट कंटाळवाणा’ असा शेरा मारून उठतात. घाईघाईत इंटरनेटवरचा सल्ला वाचून ०.७५ करून टाकणाऱ्यांचे हेच होते.

कोणती गती योग्य याचा निवाडा शेवटी डोळ्याने करायचा. १९१८ पर्यंतच्या चित्रपटाला १६ ते १८ पासून सुरुवात करा, १९२० नंतरच्याला १८ ते २२ च्या दरम्यान आजमावा, १९२७ नंतरचा बहुधा आहे तसाच सोडा. साध्या चालीत माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. घड्याळ लावून मोजा. घोडा आला तर आणखी सोपे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रेवाल चाल पारखणारा माणूस तुमच्या गावात असेलच, त्याला शेजारी बसवा, तो दहा सेकंदांत सांगेल. सांडलेले पाणी, चुलीचा धूर, वाऱ्यावरचा कपडा हेही खोटे बोलत नाहीत. नट मात्र खोटे बोलू शकतो, कारण विनोदी चित्रपटांत मुद्दाम हँडल हळू फिरवून पाठलाग वेगवान केलेला असे. कीस्टोन या विनोदी चित्रपट कंपनीच्या मारामाऱ्या आणि मोटारींच्या शर्यती ‘खऱ्या’ गतीला आणल्या तर विनोदच मरतो. चॅप्लिनची बरीच कसरत या वाढीव गतीवर बेतलेली आहे. म्हणून विनोदी चित्रपटात पाठलागावरून गती ठरवू नका. कोणी खुर्चीवर बसून चहा पीत असेल त्या प्रसंगावरून ठरवा.

चित्राच्या आकाराचे थोडक्यात. मूकपटाची चौकट ४ : ३ ची. कॉलेजातला नवा प्रोजेक्टर १६ : ९ वर लावलेला असतो आणि पडदा भरावा म्हणून कोणीतरी ‘फुल’ दाबतो. मग नटी मेरी पिकफर्डचा चेहरा फुगतो आणि विनोदी नट बस्टर कीटन बुटका होतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. शाळेच्या कपाटात जुना १०२४ × ७६८ चा प्रोजेक्टर पडून असेल तर तो काढा. तो मुळातच ४ : ३ आहे, त्याचा सगळा प्रकाश चित्राला मिळतो. बारा फूट रुंद कापडाला नऊ फूट उंची, अंधाऱ्या खोलीत ३००० ल्युमेन पुरतात. उघड्यावर खेळ असेल तर मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पावणेआठच्या आधी सुरू केलेला खेळ धुरकटच दिसणार. प्रोजेक्टरची जाळी आदल्या दिवशी साफ करा. बहुतेक यंत्रे ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात, आणि आपली हवा कशी असते ते सांगायला नको.

प्रत निवडताना मजकुराच्या पाट्या बघा. डावीकडची अक्षरे कापली गेली असतील तर ती प्रत बोलपटाच्या यंत्राच्या खिडकीतून उतरवलेली आहे. बोलपटात चौकटीची डावी कड आवाजाच्या पट्टीला गेली. मूकपटात तिथेही चित्र असे. अशा प्रतीत डावीकडे उभा असलेला नट अर्धा दिसतो. दुसरी प्रत शोधा. तसेच चेहरे खडूसारखे पांढरे आणि कपड्यांची घडीच दिसत नाही, असे असेल तर ती प्रतीच्या प्रतीची प्रत आहे. मूळ छपाई अशी नव्हती. नायट्रेटच्या (त्या काळच्या ज्वालाग्राही फिल्मच्या) चांगल्या छापातले करडे रंग पाहून आजचे छायाचित्रकारही गप्प होतात.

ओठ काळे आणि डोळे भुताळे दिसतात ते मात्र प्रतीमुळे नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल ओठ काळे उतरत, गालावरची लाली काळवंडलेल्या डागासारखी दिसे, निळे डोळे जवळजवळ पांढरे होत आणि आकाश कोरे राही. म्हणून नट चेहऱ्याला पिवळट-हिरवट झाकेचे रंग लावत. सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म स्वस्त झाल्यावर, १९२६-२७ च्या सुमारास, हे बदलले. सेटवर कार्बनच्या कमानी दिव्यांचा झोत असे. त्यातल्या अतिनील किरणांनी डोळे सुजत, लाल होत. निवेदकाने एवढे दोन वाक्यांत सांगितले तरी प्रेक्षक ‘कसले भयंकर मेकअप’ म्हणून खिदळणार नाहीत.

रात्रीच्या प्रसंगांची गंमत वेगळी. फिल्म मंद, तिला भरपूर उजेड लागे, म्हणून रात्रीचा प्रसंग भर उन्हात घ्यायचा आणि छापील प्रत निळ्या रंगात बुडवायची, अशी पद्धत. घरातला दिवा अंबर, आग लाल. पुढे या प्रती काळ्या-पांढऱ्यात उतरवल्या गेल्या तेव्हा रंग गेला आणि माणसे टळटळीत दुपारी कंदील घेऊन हिंडताना दिसू लागली. शक्यतो रंगछटा शाबूत असलेली प्रत घ्या. न मिळाल्यास त्या प्रसंगी वाचणाऱ्याने ‘रात्र झाली आहे’ एवढे म्हणावे.

वाचणारा ठेवायलाच हवा. भारतात मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून पाट्या मोठ्याने वाचणारा माणूस असे, आणि देशी चित्रपटांच्या पाट्या दोन-तीन लिपींत असत. आज इंग्रजी पाटी आली की मागच्या रांगांत कुजबुज सुरू होते. मराठीत सावकाश वाचले तर सेकंदाला दोन शब्द होतात. पाटी सहा सेकंद राहत असेल तर बारा शब्दांत वाक्य बसले पाहिजे. आधी एकदा चित्रपट लावून सर्व पाट्या वहीत उतरवा, प्रत्येकीचे सेकंद लिहा, मग मराठी करा. गतीत बदल करणार असाल तर तो आधी करा, कारण ०.७५ वर सहा सेकंदांची पाटी आठ सेकंदांची होते. खेड्यात अहिराणीत वाचले तर फारच छान. चॅप्लिनच्या भटक्याने पोलिसाला ‘काय भो’ म्हटलेले शोभते, पण पोलिसाने उलट ‘अहो’ म्हणू नये. पाटी नसताना मात्र वाचणाऱ्याने तोंड उघडू नये. आता हा पडणार, आता तो मारणार, असे सांगणारा निवेदक मूकपटाचा शत्रू आहे.

संगीत. मूकपट कधीच मुका दाखवला जात नसे. ११ मार्च १९२७ ला उघडलेल्या न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात सहा हजारांच्या जवळपास खुर्च्या आणि ११० वादकांचा ताफा होता. लहान गावात एकच पियानो. आपल्याकडे हार्मोनियम आणि तबला. चित्रीकरण चालू असतानाही सेटवर व्हायोलिन किंवा छोटे ऑर्गन वाजवत, म्हणजे नटीला रडू यावे. इंटरनेटवरच्या प्रतीला जोडलेले संगीत बहुतेकदा कोणीतरी नंतर चिकटवलेले असते, चित्राशी त्याचा संबंध नसतो, आणि गती कमी केली की तेही रबरासारखे ताणले जाते. म्हणून ‘एम’ दाबून आवाज बंद करा आणि गावातला भजनी मंडळातला पेटीवाला बोलवा. त्याला पडदा दिसेल अशा बेताने बाजूला बसवा, पेटीवर लहान झाकलेला दिवा द्या. आधी चित्रपट दोनदा दाखवा. पाच-सहा चाली पुरतात: नायकाची एक, नायिकेची एक, खलनायकाची एक, पाठलागाची एक, घराची एक. प्रत्येक पडण्याला धाडकन आणि प्रत्येक पावलाला टकटक वाजवण्याचा मोह होतो. तो आवरावा, पाच मिनिटांत लोकांना वीट येतो. सिनेमाच्या गाण्यांच्या चाली वाजवू नयेत. ओळखीची चाल आली की प्रेक्षकांच्या डोक्यात शब्द सुरू होतात आणि पडद्यावरची बाई बाजूला राहते. आणि सर्वांत ताणलेल्या क्षणी पेटी थांबवून पाहा. ‘सेफ्टी लास्ट’मध्ये (१९२३) हॅरॉल्ड लॉइड घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो तिथे दहा सेकंद काही वाजवले नाही तर सभागृहात श्वास ऐकू येतो.

त्याच लॉइडबद्दल निवेदकांनी सांगावे अशी खरी गोष्ट आहे. ऑगस्ट १९१९ मध्ये छायाचित्रासाठी हातात घेतलेला नकली समजलेला बॉम्ब फुटला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. पुढचे सगळे चित्रपट त्याने खास बनवलेला हातमोजा घालून केले. घड्याळाचा प्रसंग लॉस एंजेलिसच्या उंच इमारतींच्या गच्चीवर उभारलेल्या खोट्या भिंतीवर, खाली गाद्या घातलेला मंच ठेवून चित्रित झाला. कॅमेऱ्याचा कोन असा की मंच दिसत नाही, रस्ता दिसतो. कीटनने ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (१९२४) रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर घेतला, मानेचे हाड मोडले, आणि ते कळले कित्येक वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर. भुसावळच्या प्रेक्षकांना वाफेच्या इंजिनाला पाणी भरणारी ती सोंड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

याउलट जे सांगितले जाते ते असे. मूकपटांचा नायक जॉन गिल्बर्ट याचा आवाज बायकी होता, म्हणून बोलपटाने त्याला संपवले. हे खोटे. १९२९ च्या त्याच्या ‘हिज ग्लोरियस नाइट’ला प्रेक्षक हसले हे खरे, पण हसले ते प्रेमाच्या भरजरी संवादांना. मूकपटात जे हातवारे आणि डोळे सांगत होते तेच आता तोंडाने तीनदा म्हणायला लावले होते. त्याने पुढेही अनेक बोलपट केले. १९३३ च्या ‘क्वीन ख्रिस्टिना’त ग्रेटा गार्बोसमोर त्याचा आवाज ऐकून घ्यावा, मध्यम पट्टीचा, चांगला आवाज आहे. दर चित्रपटाला अडीच लाख डॉलरचा करार, दारू, आणि स्टुडिओप्रमुख लुई बी. मेयरशी उभा दावा, अशी ती भानगड होती. १९३६ च्या जानेवारीत तो गेला.

दुसरा बळी रॉस्को आर्बकल, ज्याला ‘फॅटी’ म्हणत. ५ सप्टेंबर १९२१ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलातली पार्टी, तिथे व्हर्जिनिया रॅपी ही नटी आजारी पडली, चार दिवसांनी मूत्राशय फाटून झालेल्या जंतुसंसर्गाने मरण पावली. आपल्याकडचे निवेदक इथेच थांबतात, आणि तेही चवीने. पुढचे असे: तीन खटले चालले. पहिल्या दोनांत ज्यूरीचे एकमत झाले नाही. तिसऱ्यात, १२ एप्रिल १९२२ ला, ज्यूरीने काही मिनिटांत निर्दोष ठरवले आणि त्याच्यावर मोठा अन्याय झाल्याचे लेखी निवेदन दिले. सहाच दिवसांनी चित्रपटधंद्याने नेमलेल्या विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. त्याच वर्षाअखेर ती उठली, पण पडद्यावरचा तो संपला. विल्यम गुडरिच या नावाने दिग्दर्शन करत राहिला आणि १९३३ मध्ये वारला. खटला चालू असताना हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांनी रोज मथळे रचून खप वाढवला. वर्तमानपत्रातच हे लिहितो आहोत, याची कल्पना आहे.

गप्पाच हव्या असतील तर पैशाच्या सांगा. त्या कळायला जळगाव-धुळ्याचा बाजार पाहिलेला माणूस पुरतो. या धंद्याचे पहिले मालक व्यापारीच होते: अॅडॉल्फ झुकर फरचे कपडे विकत, कार्ल लेमली तयार कपड्यांच्या दुकानात व्यवस्थापक, सॅम्युएल गोल्डविन हातमोज्यांचा विक्रेता, लुई मेयरचे भंगाराचे काम. चॅप्लिनने १९१४ ची सुरुवात कीस्टोनमध्ये आठवड्याला १५० डॉलरवर केली, पुढच्या वर्षी एसॅनेमध्ये १२५०, आणि १९१६ मध्ये म्युच्युअलने आठवड्याला १०,००० आणि वर दीड लाख बक्षीस दिले. त्याच वर्षी मेरी पिकफर्डने झुकरकडून आठवड्याला १०,००० ची हमी घेतली. तिचे भांडण नुसते पगाराचे नव्हते. थिएटरवाल्याला तिचा चित्रपट हवा असेल तर त्याच कंपनीचे डझनावारी पडेल चित्रपटही घ्यावे लागत; म्हणजे रावेरच्या व्यापाऱ्याने नवतीची (पहिल्या पिकाची, चांगली) केळी मागावी आणि त्याच्या ट्रकमध्ये वापसीचाही (हलका, नाकारलेला) माल भरून द्यावा, तसा प्रकार. वापसी खपत होती पिकफर्डच्या नावावर. ५ फेब्रुवारी १९१९ ला पिकफर्ड, चॅप्लिन, डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी युनायटेड आर्टिस्ट्स काढली ती यातून सुटायला: प्रत्येक चित्रपट स्वतंत्र विकायचा. कुरळ्या केसांची अल्लड मुलगी म्हणून पडद्यावर मिरवणारी ही बाई हिशोबात तिच्या पिढीतल्या कुठल्याही पुरुष नटापेक्षा पक्की होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिचे आणि फेअरबँक्सचे बेव्हर्ली हिल्समधले ‘पिकफेअर’ हे घर म्हणजे हॉलिवूडचा दरबार. १६ मे १९२९ ला रूझवेल्ट हॉटेलात पहिली ऑस्कर बक्षिसे वाटली गेली तेव्हा अकादमीचा अध्यक्ष फेअरबँक्सच होता; समारंभ पंधरा मिनिटांत आटोपला.

फेअरबँक्सचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) खानदेशात दाखवावाच. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली भारतातल्या चित्रपटधंद्याची चौकशी करणारी समिती नेमली होती. भारतात सर्वांत लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून तिच्या अहवालात याच चित्रपटाचे नाव आहे. आपल्या मास्टर विठ्ठल यांना ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत, आणि १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायक तेच. मात्र चित्रपट अडीच तासांचा आहे, मध्यंतर ठेवा, आणि पहिल्याच खेळाला तो घेऊ नका. पहिल्या दिवशी कीटनचा ‘वन वीक’ (१९२०, दोन रिळे) आणि मग ४५ मिनिटांचा ‘शेरलॉक ज्युनियर’, एवढेच बरे.

चॅप्लिनची प्रत घेताना साल पाहा. ‘द गोल्ड रश’ १९२५ चा आहे, पण १९४२ मध्ये त्याने पाट्या काढून स्वतःचे निवेदन आणि संगीत घातलेली वेगळी, लहान आवृत्ती काढली. ‘मूकपट’ म्हणून तीच लावली की चॅप्लिन बोलू लागतो आणि आयोजक गोंधळतात. हक्कांचेही इथेच येते. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे मूळ मूकपट मोकळे आहेत. संगीतरचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि चॅप्लिन १९७७ मध्ये गेला. तेव्हा त्याने नंतर बसवलेले संगीत फुकट नाही. आपली पेटी वाजवली की हा प्रश्नच उरत नाही. आपल्या वृत्तपत्राने कार्यक्रमाची बातमी छापताना चित्रपटाचे साल, मिनिटे आणि साथ कोणाची एवढे तीन तपशील आयोजकांकडून मागून घ्यावेत, अशी विनंती.

शेवटचा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. १९१२ ते १९२९ या काळातल्या अमेरिकन मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात उरले आहेत ते सुमारे १४ टक्के. ९ जुलै १९३७ ला न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे फॉक्सचे गोदाम जळाले; थीडा बारा या नटीचे चाळीसच्या आसपास चित्रपट, त्यातले आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. कारण त्या काळची नायट्रेट फिल्म. ३५ मिलिमीटरची नायट्रेट फिल्म १९५० च्या सुमारापर्यंत वापरात होती, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या बोलपटांच्या प्रतीही त्यात आल्या. यात्रांमधून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजचे डबे काही घरांच्या माळ्यांवर अजून आहेत. कुजायला लागलेली नायट्रेट फिल्म ४१ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत बराच काळ राहिली तर आपोआप पेटू शकते, आणि जळगावात पत्र्याखालचा माळा एप्रिलपासूनच त्यापलीकडे जातो. ती पेटली की पाण्याने विझत नाही, कारण जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच निघतो. धूरही विषारी असतो.

ओळखायचे असे. रुंदी १६ मिलिमीटर असेल तर ती नायट्रेट नव्हे. तिला आंबट व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती कुजते आहे, पण पेटणार नाही. रुंदी ३५ असेल तर कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ की ‘नायट्रेट’ छापले आहे ते पाहा. ही अक्षरे मूळ निगेटिव्हवरून प्रतीतही छापली जातात, म्हणून शंका आली तर नायट्रेटच समजा. चिकट मधासारखा थर, फेस किंवा तपकिरी भुकटी दिसली तर डब्याला जास्त हलवू नका. पाहू तरी काय आहे, म्हणून प्रोजेक्टरवर चढवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, वायू साचतो. एसटीने, रेल्वेने किंवा कुरिअरने पाठवू नका. मोकळ्या हवेत, विडी-काडी आणि गॅसपासून लांब, सावलीत ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोटो पाठवून विचारा. फिल्म कुजलेली असेल तर स्थानिक अग्निशमन दलालाही कळवा आणि दारे-खिडक्या उघडी ठेवून घरातली मुले त्या खोलीतून बाहेर काढा.

आपले,
मूकपटांचे काही वाचक-प्रेक्षक,
भुसावळ व जळगाव